बोर्ड, टक्का आणि निराधारचा पगार

नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांतून दिव्यांग प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेला माणूस ऑटोत बसता बसता हमखास विचारतो, "मग आता पगार कधीपासून सुरू होईल?" आपल्याकडे निराधारच्या अनुदानाला पगारच म्हणतात. हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की उत्तर पाठ झालं आहे. पगार सुरू होत नाही. पगारासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, वेगळ्या कार्यालयात, वेगळ्या कागदांसह.

माझ्या मामेभावाचा पाय अपघातात गेला, तेव्हा आम्हालाही हे माहीत नव्हतं. प्रमाणपत्र कपाटात ठेवून आम्ही आठ महिने पैशांची वाट पाहत बसलो. त्यानंतर वस्तीतल्या बऱ्याच जणांसोबत मी हे फेरे मारले. नव्याने या वाटेला लागणाऱ्यांसाठी त्यातलं कामाचं तेवढं इथे लिहिते आहे.

मुळात तपासण्या तीन आहेत. रुग्णालयाचं बोर्ड, म्हणजे तपासणारे डॉक्टर, शरीर (किंवा मन) मोजतं आणि दिव्यांगत्वाचा टक्का ठरवतं. तहसील कार्यालय गरिबी मोजतं. आणि पैसे सुरू झाल्यावर दर वर्षी पाहिलं जातं, की माणूस हयात आहे का, अजून पात्र आहे का. तिन्ही ठिकाणचे लोक एकमेकांचं काम करत नाहीत. बोर्डापुढे "घरात कमावणारं कोणी नाही जी" म्हणून रडल्याने टक्का वाढत नाही, आणि तहसिलीत जखम दाखवल्याने उत्पन्नाची अट सुटत नाही.

पहिली पायरी: अर्ज, तोही ऑनलाइन

जून २०२१ पासून दिव्यांग प्रमाणपत्र फक्त केंद्र सरकारच्या यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) पोर्टलवरून मिळतं. लोक त्याला स्वावलंबन पोर्टल म्हणतात. हाताने लिहिलेलं जुनं प्रमाणपत्र कोणाकडे असेल, तर त्यांनाही त्याच पोर्टलवर नोंद करून नवं कार्ड काढून घ्यावं लागतं. अर्जाला पैसे लागत नाहीत. सेतूवाला किंवा सायबर कॅफेवाला फॉर्म भरायचे पैसे घेईल, ते त्याच्या मेहनतीचे. त्यापलीकडे "बोर्डात आपला माणूस आहे" म्हणणारा भेटला, तर चहा पिऊन उठा.

अर्जाला आधार क्रमांक (आधार अजून आलं नसेल तर नोंदणीची पावती), पत्त्याचा पुरावा आणि फोटो लागतात. दोन गोष्टींत लोक फसतात. मोबाइल नंबर कॅफेवाल्याचा टाकला जातो, मग सगळे ओटीपी आणि निरोप त्याच्याकडे जातात आणि सहा महिन्यांनी तो दुकान बदलतो. नंबर घरातल्याच कोणाचा तरी द्या. दुसरं म्हणजे नाव. आधारवर जसं आहे तसंच, काना-मात्रेसह, अर्जात हवं. आज हा किरकोळ मुद्दा वाटेल. बँकेच्या खिडकीपाशी पोचल्यावर तो किरकोळ राहत नाही.

अर्जात रुग्णालय निवडायचं असतं. आपण राहतो त्या जिल्ह्यातलं अधिकृत रुग्णालय, किंवा जिथे आपला उपचार चालू आहे ते सरकारी रुग्णालय, दोन्ही चालतात. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडून नागपुरात उपचाराला येणाऱ्यांना हे माहीत असलेलं बरं. फाईल इथे असेल तर तपासणीसाठी गावाकडे परतायची सक्ती नाही.

अर्ज झाला की पावती छापून घ्या. नियमानुसार तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. २०२४ मध्ये नियम बदलले तेव्हा एक नवी गोष्ट आली: दोन वर्षं निर्णयाविना पडून राहिलेला अर्ज निष्क्रिय होतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तेव्हा अर्ज टाकून निवांत बसू नका.

दुसरी पायरी: बोर्डाचा दिवस

इथे जरा थांबून सांगते, कारण सगळं इथेच ठरतं.

मोठ्या रुग्णालयात प्रत्येक प्रकारच्या दिव्यांगत्वाची तपासणी वेगळ्या विभागात होते आणि त्यांचे वार ठरलेले असतात. हाडांचं कधी, डोळ्यांचं कधी, कानाचं कधी, हे आधी विचारून जा. सकाळी लवकर पोचा, मे महिन्यात तर नक्कीच. पंचेचाळीस अंशांत व्हीलचेअरवरच्या माणसाला रांगेत बसवणं ही स्वतंत्र शिक्षा आहे. सोबत मूळ कागद, त्यांच्या झेरॉक्स, जुने एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या सगळं न्या. तारखेप्रमाणे लावलेली फाईल पाहिली की डॉक्टरांचाही सूर बदलतो, हा माझा अनुभव.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. १९९५ च्या कायद्यात ७ होते. प्रत्येक प्रकार कसा मोजायचा याची केंद्राने मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, २०१८ मध्ये आणि मग सुधारून २०२४ मध्ये. टक्का डॉक्टरच्या मनाचा नसतो, त्यामागे तक्ता असतो. त्या तक्त्यात मोजलं जातं ते एवढंच, की कार्य किती कमी झालं. त्रास किती आहे याला त्यात रकाना नाही.

एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल, तर टक्का ३० लागतो. माणूस म्हणतो, "एक डोळाच गेला की बाप्पा, अजून काय पाहिजे?" पण तक्ता पाहतो तो चष्मा लावून बरा डोळा किती पाहतो ते. कानाचंही तसंच. दोन्ही कानांचा ऑडिओग्राम होतो. कायद्याच्या व्याख्येत दोन्ही कानांनी ७० डेसिबलपर्यंतचं ऐकू येत नसेल तर बधिर, आणि ६० ते ७० मध्ये असेल तर ऐकण्यास कठीण. एका कानाने ठार बहिरा पण दुसऱ्याने नीट ऐकणारा त्या व्याख्येत बसत नाही.

हातापायाच्या बाबतीत सांधा किती वळतो, स्नायूत जोर किती, चालणं-उभं राहणं कसं, हे पाहतात. पायाचा टक्का आणि पूर्ण शरीराचा टक्का यांत फरक असतो, प्रमाणपत्रावर कोणता लिहिला आहे ते वाचा. अपघात किंवा लकवा ताजा असेल, तर बोर्ड उपचार संपेपर्यंत थांबायला सांगतं. ती टाळाटाळ नसते. सुधारणा चालू असताना केलेलं मोजमाप टिकत नाही.

दोन दिव्यांगत्वं असतील तर सरळ बेरीज होत नाही. एकीकडे ३० आणि दुसरीकडे ३० असेल तर एकूण ५० येतात, ६० नाही. ४० आणि ३० चे साधारण ५७ होतात. मोठा टक्का पूर्ण धरतात आणि लहान टक्का ९० मधून उरलेल्या क्षमतेच्या प्रमाणात त्यात मिळवतात, असं ते सूत्र आहे. पण दुसरं दिव्यांगत्व सांगितलंच नाही तर सूत्र लागणार कशाला? पोलिओच्या पायासोबत कानही अधू असेल, तर अर्ज करतानाच दोन्ही लिहा. ३० वर अडकलेले कितीतरी लोक अशाने ४० च्या वर जातात.

विदर्भात सिकलसेलबद्दल वेगळं सांगावंच लागतं, कारण घराघरात आहे. २०१६ च्या कायद्याने सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे आजार दिव्यांगत्वात घेतले. पण वाहक आणि रुग्ण यांत गल्लत करू नका. रिपोर्टवर 'एएस' असेल तर ती व्यक्ती वाहक, म्हणजे दोष अंगात आहे पण आजार नाही; तिला प्रमाणपत्र मिळत नाही. 'एसएस' म्हणजे रुग्ण. रक्ताची नुसती सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी पुरत नाही, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीचा रिपोर्ट लागतो. पुढचा टक्का आजार किती छळतो यावर ठरतो: किती वेळा भरती व्हावं लागलं, किती वेळा रक्त चढवलं, कोणत्या अवयवाला इजा झाली. म्हणून प्रत्येक डिस्चार्ज कार्ड जपा. वेदनेचा झटका घरीच गोळ्या खाऊन काढला तर त्याचा कागद नसतो, आणि कागद नसलेलं दुखणं बोर्डाला दिसत नाही. सिकलसेलच्या पोरांचे आईबाप भरतीसाठी मजुरी बुडवणं परवडत नाही म्हणून पोराला घरीच ठेवतात, आणि नेमकं तेच टक्क्यात नडतं.

मानसिक आजारासाठी 'आयडीईएएस' नावाची मोजपट्टी आहे. स्वतःची निगा, लोकांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, या चार गोष्टींत माणूस कुठे आहे आणि आजार किती काळापासून आहे, यावर गुण देतात. सोबत रोज राहणारं माणूस न्या. दूरचा काका नेऊ नका, त्याला काही माहीत नसतं.

आता बौद्धिक अक्षमतेची गोष्ट. बुद्ध्यंकाच्या चाचणीसोबत इथे पालकांना प्रश्न विचारतात. पोरगं स्वतः जेवतं का, कपडे घालतं का, एकटं दुकानात जातं का, पैसे ओळखतं का. समोर मूल बसलेलं असतं. आईला त्याच्यासमोर "नाही येत" म्हणवत नाही. ती म्हणते, "येते जी त्याला सगळं, हुशार आहे माझा." एका ताईंनी माझ्या देखत असंच सांगितलं. पोराला दूध आणायला पाठवतात हे खरं, पण दुकान घराला लागून आहे, पैसे दुकानदार स्वतः मोजून घेतो आणि ताई दारात उभं राहून पाहत असतात, हे त्या बोलल्याच नाहीत. टक्का कमी आला. इथे फुगवून सांगू नका, आणि मायेपोटी झाकूही नका. "मदतीशिवाय येतं का?" हा प्रश्न मनात धरून उत्तर द्या. जमलं तर आदल्या दिवशी घरी बसून, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत मुलाला कुठे कुठे हात द्यावा लागतो, ते कागदावर लिहून काढा.

उलट, खोटं लंगडणंही बोर्डाला कळतं. चाळीस वर्षं सांधे पाहिलेल्या माणसासमोर नाटक टिकत नाही, आणि खोटेपणाने लाभ घेतल्यास कायद्याच्या कलम ९१ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत.

तिसरी पायरी: हातात आलेला कागद वाचणे

कार्ड तीन रंगांत येतं. ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि पुढे निळं. पांढऱ्या कार्डावर बहुतेक योजना मिळत नाहीत. पगार, आरक्षण, एसटीची ७५ टक्के सवलत, सगळं ४० पासून सुरू होतं. ६५ च्या वर असाल तर एसटीत सोबत्यालाही ५० टक्के सूट आहे.

पुढे पाहा, प्रमाणपत्र कायमचं आहे की मुदतीचं. ज्यात बदल होण्याची शक्यता नाही त्याला कायमचं देतात. लहान मुलांना, मानसिक आजाराला आणि सुधारणेची शक्यता असलेल्या अवस्थांना मुदतीचं मिळतं, त्यावर तारीख असते.

टक्का चुकीचा वाटला किंवा प्रमाणपत्र नाकारलं, तर भांडत बसू नका. नकाराचं कारण लेखी मागा, ते देणं बंधनकारक आहे. कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं, निर्णयापासून ९० दिवसांच्या आत. अपील प्राधिकरणाने ६० दिवसांत निकाल द्यायचा असतो. नुसतं "टक्का कमी आहे, वाढवून द्यावा" असं लिहिलेल्या अपिलाला अर्थ नाही. काय मोजायचं राहिलं ते लिहा: अमुक रिपोर्ट पाहिला नाही, दुसऱ्या कानाची तपासणीच झाली नाही, टक्का फक्त पायाचा धरला. सोबत ताजा रिपोर्ट जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्क्याविना दिलेला अर्ज म्हणजे हवेत सोडलेला पतंग.

३८ टक्केवाल्याला ९० दिवस फार महत्त्वाचे आहेत. ५५ वाल्याला ६० करून घेऊन पगारात काही फरक पडत नाही, तिथे मी अपिलात शक्ती घालवू नका असंच सांगते.

चौथी पायरी: तहसील

आता पगाराचा अर्ज. १८ ते ६५ वयोगटातल्यांसाठी मुख्य योजना म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. ६५ नंतर श्रावणबाळ. ज्यांचं दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त आहे आणि नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत आहे, त्यांना केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजना लागू होते. तिच्यात केंद्राचे ३०० रुपये आणि बाकी राज्याचे. तुम्ही कोणत्या योजनेत बसता ते तहसिलीतला लिपिक सांगेल, त्यावर डोकं फोडू नका.

रक्कम अनेक वर्षं १,५०० च्या आतच होती. जुलै २०२३ मध्ये १,५०० झाली आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांना महिन्याला २,५०० रुपये ठरले.

अटी पाहा. दिव्यांगत्व किमान ४० टक्के, महाराष्ट्रात १५ वर्षांचा रहिवास, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत. वर्षाला ५० हजार म्हणजे महिन्याला चार हजार दीडशेच्या आसपास. इतवारीत हमाली करणाऱ्याच्या घरातही यापेक्षा जास्त येतं. ही मर्यादा कोणी कशी ठरवली ते देव जाणे, पण आज अट ही आहे आणि उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचाच चालतो. बाकी कागद: यूडीआयडी कार्ड, आधार, रेशनकार्ड, रहिवासाचा पुरावा, वयाचा पुरावा, बँकेचं पासबुक, फोटो.

नागपूर जिल्ह्यात १४ तालुके आहेत. काटोल, रामटेक, उमरेड, कुही कुठलेही असा, आपापल्या तहसिलीतच अर्ज करायचा. शहरवाल्यांनी संजय गांधी योजनेच्या शाखेत किंवा सेतू केंद्रातून. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्समध्ये बंदोबस्त आणि साहेब लोक तिकडेच गुंतलेले. शक्य असेल तर ते आठवडे टाळा.

मंजुरी एकटा लिपिक देत नाही. अर्जाची छाननी होते, तलाठ्याकडून चौकशी होते, मग तालुक्याच्या समितीपुढे यादी जाते. समितीचा अध्यक्ष अशासकीय असतो, तहसीलदार सदस्य सचिव. बैठक झाली नाही तर यादी थांबते. म्हणून फेरी मारताना "माझं काम झालं का?" विचारू नका, त्याला "पुढच्या आठवड्यात या" हे एकच उत्तर आहे. "अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे, चौकशी अहवाल आला का, पुढची बैठक कधी?" असं विचारा. अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी घ्या. बहुतेकदा उत्पन्नाचा दाखला जुना झालेला असतो किंवा १५ वर्षांचा पुरावा कमी पडलेला असतो, आणि ते दुरुस्त करून पुन्हा अर्ज करता येतो.

कोणी पैसे मागितले, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. वापरायची वेळ येवो न येवो, फोनमध्ये ठेवा.

पाचवी पायरी: खातं

मंजुरीचं पत्र आलं आणि तरी पैसे नाहीत. कारण आता अनुदान डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट, आधारशी जोडलेल्या खात्यात जातं. 'बँकेत आधार दिलं आहे' आणि 'खातं डीबीटीसाठी आधारशी जोडलं आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत जाऊन नेमकं विचारा, "माझ्या आधारवर डीबीटी कोणत्या खात्यात जाते?" एका आजोबांचे चार महिन्यांचे पैसे गॅसच्या सबसिडीसाठी पूर्वी उघडलेल्या, विसरून गेलेल्या खात्यात जमा होत होते. पासबुक गादीखाली सापडलं.

नावाचा काना-मात्रा म्हटलं होतं ना, तो इथे नडतो. आधारवर 'रामभाऊ', बँकेत 'रामा' असेल तर आधी एक दुरुस्त करा.

बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम किंवा बहुविकलांगता असलेलं मूल १८ वर्षांचं झालं, की आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. बँक एक दिवस ते मागते, बहुधा घाईच्या दिवशी.

आणि मग दर वर्षी

पैसे सुरू झाल्यावर लोक फाईल बांधून माळ्यावर टाकतात. तिथेच चूक होते. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला की पगार थांबतो. बोटांचे ठसे उमटत नसलेल्या म्हाताऱ्यांना यात फार त्रास होतो, त्यांनी ऑनलाइनच्या नादी न लागता कार्यालयात समक्ष जावं. स्थलांतर, लग्न, घरात कोणाला लागलेली नोकरी यांचाही पात्रतेवर परिणाम होतो. आधारमुळे आता एका योजनेची यादी दुसरीशी ताडून पाहता येते. निराधारचे पैसे घेणाऱ्या ताईंनी लाडक्या बहिणीचाही फॉर्म भरला असेल, तर ते लपत नाही.

फेरतपासणीचं पत्र आलं तर घाबरून घरी बसू नका. २०२४ पासून बनावट प्रमाणपत्रांचा बोभाटा झाल्यावर, सरकारी नोकरीतल्यांची प्रमाणपत्रं तर पुन्हा पुन्हा तपासली जात आहेत. खऱ्या दिव्यांगाने दिलेल्या तारखेला मूळ कागद घेऊन जावं, एवढंच. गैरहजर राहणं सगळ्यात महाग पडतं. तारखेला जमत नसेल तर आधी लेखी कळवून दुसरी तारीख मागा, आणि पोच घ्या.

मुदतीचं प्रमाणपत्र असेल तर नूतनीकरण शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. बोर्डाची तारीख मिळायला वेळ लागतो, आणि मधल्या काळात कार्ड मेलेलं असतं, पगार अडतो. मी आमच्या फाईलच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने तीन तारखा लिहून ठेवल्या आहेत: प्रमाणपत्राची मुदत, हयातीचा दाखला, आणि उत्पन्नाचा दाखला कधी जुना होतो ती. मुदतीच्या चार महिने आधीची तारीख कॅलेंडरवरही आहे, दुधाच्या हिशोबाशेजारी.